उभा देश, आडवे रूळ

मोझांबिकच्या नकाशावर फक्त रेल्वेचे रूळ रंगवून पाहावेत. देश दक्षिणोत्तर उभा आहे, हिंदी महासागराला अंग लावून पसरलेला, किनारा सुमारे अडीच हजार किलोमीटरचा. रूळ मात्र आडवे. मापुतो बंदरातून निघालेला मुख्य मार्ग दक्षिण आफ्रिकेच्या खाणींकडे जातो, मधल्या बेइरा बंदरातला झिंबाब्वेकडे, उत्तरेच्या नाकालातला मलावीकडे. मापुतोहून बेइराला किंवा बेइराहून नाकालाला आगगाडीने थेट जायची सोय नाही. ती कधी नव्हतीच. पोर्तुगीज इथे १५०५ मध्ये सोफालाला किल्ला बांधून बसले आणि १९७५ मध्ये गेले. त्यांच्या काळात रूळ पडले ते शेजारच्या देशांचा माल समुद्रापर्यंत आणण्यासाठी. दक्षिणेच्या गावातला माणूस उत्तरेच्या गावाला कसा जाईल, हा प्रश्न त्यांना पडायचे कारण नव्हते.

कोकणातल्या माणसाला हे फोड करून सांगायला नको. बोरघाटातून आगगाडी १८६३ मध्ये वर चढली आणि रत्नागिरीला रूळ पोहोचायला १९९० चे दशक संपत आले. बंदरातून घाटावर जायची वाट आधी होते. बंदरातून शेजारच्या बंदरात जायची वाट मागून होते, किंवा होतच नाही.

पैसेवाल्या पाहुण्याला हा नकाशा दिसत नाही. तो मापुतोत उतरतो, दुसऱ्या विमानाने बाझारुतोच्या बेटांवर जातो, प्रवाळ पाहतो आणि परत फिरतो. नकाशा दिसतो तो बसने जाणाऱ्याला. मला मापुतोहून उत्तरेच्या मोझांबिक बेटापर्यंत रस्त्याने जायचे होते, तेही पाठीवरच्या एका पिशवीवर आणि दिवसाला तीन हजार रुपयांच्या हिशेबात. हा हिशेब जवळजवळ शेवटपर्यंत पाळला गेला. तो कुठे ढिला पडला, ते ओघात येईलच.

आधी एक भ्रम दूर करायला हवा. गरीब देश म्हणजे स्वस्त प्रवास, असे आपण गृहीत धरतो. व्हिएतनाम किंवा नेपाळच्या अनुभवावरून ते खरेही वाटते. मोझांबिकमध्ये तसे नाही. इथले दक्षिण किनाऱ्यावरचे पर्यटन उभे राहिले ते दक्षिण आफ्रिकेतून मोठ्या गाड्या, होड्या आणि मासेमारीच्या गळांसह येणाऱ्या कुटुंबांसाठी. दर पुष्कळदा रँडमध्ये किंवा डॉलरमध्ये सांगतात. स्वतःची गाडी नसलेला पाहुणा त्यांच्या कल्पनेतच नाही. चौदा-पंधरा डॉलरला सामाईक खोलीतली खाट मिळते, तिच्या खाली फारसे काही नाही. खाली उतरायचे तर ‘पेन्साव’ नावाच्या जुन्या लॉजमध्ये जावे. तिथे खोली मिळते, मच्छरदाणीची भोके मिळतात आणि पाणी बादलीतून मिळते. चलन मेटिकाल. गेली काही वर्षे डॉलरला चौसष्टच्या आसपास ते बांधल्यासारखे स्थिर आहे, म्हणजे आपल्या साधारण सव्वा ते दीड रुपयाला एक.

पैसे वाचतात ते खाण्यात आणि वाहनात. मापुतोच्या शहर वाहतुकीचा कणा म्हणजे ‘शापा’, जपानहून वापरून आलेल्या छोट्या व्हॅन. भाडे वीस मेटिकालच्या आत. पंधरा माणसांच्या जागेत वीस-बावीस बसतात आणि कोब्रादोर, म्हणजे कंडक्टर, दाराला लोंबकळत ठिकाणांची नावे ओरडतो. शापा कमी पडू लागल्या तेव्हा उघडे टेम्पो माणसे वाहू लागले. धरायला दांडी नसल्याने लोक एकमेकांच्या कमरेला मिठी मारून उभे राहतात, म्हणून त्या टेम्पोंना मापुतोकरांनी ‘माय लव्ह’ असे नाव ठेवले. सरकारी वाहतूक धोरणावर यापेक्षा नेमका शेरा मी ऐकलेला नाही. तीन चाकांची रिक्षाही आहे. तिला ‘चोपेला’ म्हणतात. तिच्या नाकावर बजाजचे नाव वाचून पुणेकराचा ऊर भरून येईल, भाडे ऐकून रिकामा होईल.

शहर देखणे आहे. १९१६ मध्ये पूर्ण झालेल्या घुमटाच्या रेल्वे स्टेशनात तासभर बसायला तिकीट लागत नाही. रस्त्यांची नावे स्वातंत्र्यानंतरच्या साम्यवादी दिवसांतली: कार्ल मार्क्स, लेनिन, माओ, हो ची मिन्ह, किम इल सुंग. राज्यकर्त्या फ्रेलिमो पक्षाने बाजारपेठेची वाट धरून तीन दशके होऊन गेली, पाट्या तशाच राहिल्या. ऑक्टोबर २०२४ च्या निवडणुकीनंतर याच रस्त्यांवर टायर जळत होते. निकाल मान्य नसलेल्या तरुणांची आंदोलने महिनोन्‌महिने चालली आणि तीनशेहून अधिक माणसे मेल्याचे नागरी संघटनांनी मोजले. दानिएल शापो जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. बसमध्ये राजकारणाचा विषय निघाला की आवाज खाली येतात. पाहुण्याने तो काढू नये हे बरे.

उत्तरेकडच्या बसगाड्या ‘झुंता’ नावाच्या तळावरून सुटतात, पहाटे तीन-चारच्या सुमाराला. कारण सरळ आहे: रस्ता लांब, खड्डे अनेक आणि अंधार पडल्यावर महामार्गावर राहणे कोणालाच नको असते. पण पहाटे तीनला शहर ओलांडून तळावर जायचे तर टॅक्सी हवी, आणि टॅक्सी बसच्या तिकिटाला खाऊन टाकते. यावर तिथल्या लोकांनी काढलेला तोडगा असा की आदल्या रात्रीच बसमध्ये येऊन झोपायचे. मीही तेच केले. एकटी बाई म्हणून भीती होती, पण बसमध्ये निम्म्याहून अधिक बायकाच होत्या. दक्षिण आफ्रिकेतून कांदे, टोमॅटो, अंडी, कपडे आणून विकणाऱ्या या बायकांना ‘मुखेरिश्ता’ म्हणतात. सीमाशुल्क, पोलीस, ड्रायव्हर या तिघांशी एकाच वेळी भांडायचा त्यांना सराव असतो. शेजारच्या मामांनी (वडीलधाऱ्या बाईला इथे ‘मामा’ म्हणतात) माझी पिशवी स्वतःच्या गोणीखाली सरकवली आणि मला खिडकीकडे ढकलले. पहाटेपर्यंत माझी जबाबदारी त्यांनी घेतल्याचे मला कोणी विचारले नाही की सांगितले नाही.

देशाचा कणा म्हणावा असा एक नंबरचा राष्ट्रीय महामार्ग याच तळापासून खरा सुरू होतो. १९७७ ते १९९२ च्या यादवी युद्धात तो कणाच मोडलेला होता. सरकारी फ्रेलिमो आणि बंडखोर रेनामो यांच्या त्या लढाईत या रस्त्यावरून लष्करी ताफ्याशिवाय जाणे म्हणजे जिवावर उदार होणे. रोममध्ये ४ ऑक्टोबर १९९२ रोजी करार झाला. पुरलेले सुरुंग काढून देश सुरुंगमुक्त झाल्याचे जाहीर व्हायला मात्र २०१५ उजाडले. बस थांबली की सगळे रस्त्याच्या अगदी कडेलाच आडोसा शोधतात, झाडीत आत जात नाहीत. मला ती लाज वाटली होती. मामांनी ती जुनी सवय असल्याचे सांगितले.

बस थांबली की खिडक्यांना बाजार लागतो. उकडलेली अंडी, संत्री, शहाळी, कोळशावरची कणसे, पिरी-पिरी मिरचीच्या ठेच्याच्या बाटल्या, कैरीचे लोणचे, ज्याला इथेही ‘आचार’ म्हणतात. आणि पावात घातलेल्या ‘बाजिया’. चवळी वाटून तळलेली ही भजी गुजरातेतून आलेल्या व्यापाऱ्यांच्या घरांतून मापुतोच्या रस्त्यावर उतरली आणि आता पुरती तिथलीच झाली आहे. दोन पाव आणि सहा बाजिया यांवर माझी निम्मी दुपार निघायची. मटापाची गोष्ट निराळी. कसाव्याची कोवळी पाने उखळात कुटायची, त्यात शेंगदाण्याचा कूट आणि नारळाचे दूध घालून तास-दोन तास शिजवायची, समुद्राजवळ असाल तर वर कोलंबी किंवा खेकडा. मक्याच्या पिठाच्या घट्ट ‘शिमा’बरोबर बाजारातल्या खानावळीत हे दीड-दोनशे मेटिकालला मिळते. पर्यटकांच्या हॉटेलात तेच तिप्पट दराने आणि अर्धे चविष्ट.

माशिया गावापाशी काजूवाली पोरे बसभोवती धावतात. हा काजू विकत घेताना थोडा इतिहासही हातात येतो. ब्राझीलहून पोर्तुगिजांनी आणलेले हे झाड गोव्यात रुजले तसे इथेही रुजले. १९७० च्या आसपास मोझांबिक जगातल्या सर्वांत मोठ्या काजू उत्पादकांत होता. युद्धाने बागा उजाड केल्या. त्यानंतर १९९० च्या दशकात कर्जाच्या अटी म्हणून जागतिक बँकेने कच्च्या काजूच्या निर्यातीवरचे कर उतरवायला लावले. कच्चा काजू भारतात येऊ लागला, इथले सोलणीचे कारखाने बंद पडले, हजारो कामगार, त्यांत पुष्कळ बायका, घरी बसले. म्हणजे भारतातल्या कारखान्यांना स्वस्त बी मिळाले त्याची किंमत कोणीतरी दिली होती. रस्त्यावरचा काजू पिशवीत भाजलेला, थोडा करपलेला असतो. मला तो प्रतवारी केलेल्या पांढऱ्या काजूपेक्षा आवडला.

इन्यांबाने हे जुने, झोपाळू, सुंदर शहर खाडीच्या पलीकडे आहे. महामार्गावरच्या माशीश गावात बस सोडून वीसेक मिनिटांच्या होडीने तिकडे जाता येते, आणि रस्त्याचा मोठा वळसा वाचतो. जानेवारी १४९८ मध्ये वास्को द गामा या बाजूला पाण्यासाठी थांबला आणि लोकांनी बरे वागवले म्हणून त्याने ‘चांगल्या माणसांची भूमी’ असे नाव दिले. इन्यांबानेकर अजून त्या प्रशस्तिपत्रावर जगतात. जवळच्या टोफो किनाऱ्यावर देवमासा-शार्क आणि मोठ्या मांटा रे पाहायला जगभरचे पाणबुडे येतात. त्या माशांवर काम करणारी मरीन मेगाफॉना फाउंडेशन ही संस्था इथलीच, २००९ ची. एका बुडीचे पैसे माझ्या दोन दिवसांच्या खर्चाएवढे होते. मी वाळूत बसून लाटा पाहिल्या आणि मला काही चुकल्यासारखे वाटले नाही. पुढच्या विलांकुलो गावाविषयी एवढेच, की समोरची बाझारुतो बेटे शिडाच्या होडीतून सामाईक सहलीने परवडतात, मुक्काम परवडत नाही.

यानंतर पर्यटनाचा किनारा संपतो आणि नुसता देश सुरू होतो. इन्शोपेच्या तिठ्यावरून बेइराकडे जाणारा रस्ता आडवा, म्हणून चांगला. उत्तरेला कायाकडे जाणारा उभा, म्हणून वाईट. अंगातले प्रत्येक हाड हे सांगते. बेइरात १४ मार्च २०१९ च्या रात्री इदाई चक्रीवादळ घुसले, शहराची छपरे गेली, मागच्या नद्यांचे पूर समुद्रासारखे पसरले आणि मोझांबिकमध्ये सहाशेवर माणसे दगावली. पहिल्या मदतीत भारतीय नौदलाच्या सुजाता आणि शार्दूल आणि तटरक्षक दलाची सारथी या नौका होत्या. बंदराजवळ चहा विकणाऱ्या माणसाने मी भारतीय आहे हे कळल्यावर तेवढे एकच वाक्य सांगितले आणि चहाचे पैसे घेतले. ते मला योग्य वाटले.

बेइरातले ग्रांदे हॉटेल जगभरच्या छायाचित्रकारांचे तीर्थक्षेत्र झाले आहे. १९५० च्या दशकात आफ्रिकेतले सर्वांत आलिशान हॉटेल म्हणून बांधले, श्रीमंत पाहुणे आलेच नाहीत आणि १९६३ मध्ये ते बंद पडले. आज त्या खिडक्या-दारे नसलेल्या सांगाड्यात हजारो गरीब माणसे राहतात, ऑलिंपिक मापाच्या तलावात कपडे धुतात. वाटाड्या घेऊन आत जाता येते. मी गेले नाही. कोणाच्या स्वयंपाकघरातून दोनशे मेटिकाल देऊन फिरून येणे याला प्रवास म्हणायला माझी तयारी नाही. बाहेरून दिसते तेवढे पुरे आहे.

कायाला झांबेझी लागते. दोन हजारांहून अधिक किलोमीटर रांगत आलेली ही नदी देशाचे सरळ दोन तुकडे करते, आणि २००९ पर्यंत महामार्गावर इथे पूल नव्हता. ट्रक, बस, माणसे फेरीबोटीची वाट पाहत दिवस दिवस बसत. त्या वर्षी ऑगस्टमध्ये जवळजवळ अडीच किलोमीटरचा पूल सुरू झाला आणि स्वातंत्र्यानंतर चौतीस वर्षांनी उत्तर आणि दक्षिण मोझांबिक या महामार्गाने सलग जोडले गेले. पुलावर बस येताच गप्पा थांबल्या. पलीकडच्या बाजूची भाषा, जेवण, बायकांच्या डोक्यावरच्या रुमालाची गाठ, सगळे निराळे. केलिमाने शहरात तर वाहनच बदलते. इथे टॅक्सी म्हणजे सायकल. मागच्या कॅरिअरवर गादी बांधलेली असते, तिच्यावर बसायचे आणि सायकलवाल्याच्या घामट पाठीला नाक न लागेल असे बघायचे. सपाट गाव, महाग पेट्रोल आणि बेकार तरुण यांतून निघालेली ही सोय कोणत्याही शहर नियोजनकाराने शोधलेली नाही. १८५६ मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिका खंड पश्चिमेकडून पूर्वेकडे ओलांडून समुद्राला मिळाला तो याच गावात. आडव्या प्रवासाचे कौतुक असे जुने आहे.

पुढे नांपुला शहरापर्यंत मी ट्रकच्या केबिनमधून गेले. पैसे बसएवढेच लागतात, पाय मात्र पसरता येतात. आणि या टप्प्यावर रस्त्याकडेला मला जे दिसले त्यासाठी मी तयार नव्हते. झाडाखाली तागडी लावून बसलेले व्यापारी, पोत्यांच्या थप्प्या, डोक्यावर टोपल्या घेऊन येणारे शेतकरी. टोपलीत तूर.

लातूर-अकोल्याच्या डाळमिलवाल्यांना हे नवे नाही. मोझांबिकची ‘गजरी’ तूर त्यांच्या रोजच्या बोलण्यात असते. २०१५ च्या दिवाळीआधी आपल्याकडे तूरडाळ किलोला दोनशेवर गेली, सरकार हबकले. जुलै २०१६ मध्ये पंतप्रधान मापुतोत गेले तेव्हा करार झाला: भारत मोझांबिककडून पहिल्या वर्षी एक लाख टन आणि वाढवत वाढवत २०२०–२१ पर्यंत दोन लाख टन तूर घेईल. नांपुला आणि झांबेझिया प्रांतांतल्या छोट्या शेतकऱ्यांनी मक्याच्या जोडीला तूर वाढवली. इकडे त्याच हंगामात विदर्भ-मराठवाड्यात तूर अमाप पिकली. बोनस धरून ५,०५० रुपयांच्या हमीभावासाठी खरेदी केंद्रांवर रांगा लागल्या, बारदाना संपला. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली. मोझांबिकमध्ये भाव कोसळले. तिथे कोरड्या तुरीला घरगुती गिऱ्हाईक फारसे नाही, पीक मुळात आपल्यासाठीच लावलेले.

ट्रकमध्ये माझ्या शेजारी बसलेला शेतकरी पोत्यांसोबत नांपुलाच्या व्यापाऱ्याकडे निघाला होता. २०१७ चे साल त्याला पाठ होते. त्या वर्षी पोती घरात पडून राहिली, भुंगा लागला, पुढल्या वर्षी त्याने तीळ पेरले. भारतात असे का झाले, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. माझ्या मोडक्या पोर्तुगीजमध्ये मी सांगू लागले, की आमच्याकडेही शेतकऱ्याला भाव मिळाला नाही, त्याच्याही पोत्यांना भुंगा लागला. त्याने विचारले, मग डाळ स्वस्त खाल्ली कोणी? हा प्रश्न मी तसाच घेऊन आले आहे. २०२१ मध्ये करार आणखी पाच वर्षांसाठी वाढला आणि आयात पुन्हा खुली झाली. तूर दोन्हीकडे पिकते आहे, आणि एकाचे आभाळ बरसले की दुसऱ्याचे भाव बुडतात हे गणित तसेच आहे.

एक योगायोगही नोंदवावा. नांपुलावरून नाकाला बंदराकडे जाणारा कोळशाचा रेल्वेमार्ग आणि मोआतिझेची खाण ब्राझीलच्या वाले कंपनीने २०२२ मध्ये विकली ती जिंदल समूहातल्या व्हल्कन कंपनीला. याच रुळांवरून पश्चिमेला कुआंबाकडे जाणारी प्रवासी गाडी हा या भागातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत संथ प्रवास, साडेतीनशे किलोमीटरला अख्खा दिवस. प्रत्येक स्टेशनात केळी, कोबी, जिवंत कोंबड्या खिडकीतून आत येतात. पुन्हा आडवाच मार्ग.

मोझांबिक बेटाला इथले लोक नुसते ‘इल्या’ म्हणतात, म्हणजे बेट. मोनापोच्या तिठ्यावर शापा बदलायची, मग लुंबोपर्यंत यायचे. पुढे तीन किलोमीटरहून लांब, एकेरी पूल. मोठ्या बसला तिथे मज्जाव, छोटी शापा समोरून वाहन आले की पुलावरच्या रुंद जागी थांबते. बेट जेमतेम तीन किलोमीटर लांब आणि रुंदीला अर्धा किलोमीटर. १८९८ पर्यंत ही पोर्तुगीज मोझांबिकची राजधानी होती. १९९१ पासून जागतिक वारसा आहे. आणि १७५२ पर्यंत हा सारा मुलूख कारभाराच्या दृष्टीने गोव्याच्या गव्हर्नरच्या हाताखाली होता. मांडवीकाठी बसलेला अधिकारी झांबेझीकाठच्या नेमणुका करत असे.

म्हणून गोव्याहून आलेल्या माणसाला इल्यामध्ये परके वाटणे कठीण. लाल रंगाच्या साओ पावलो वाड्यातल्या संग्रहालयात भारतातून आलेले कोरीव शिसवी फर्निचर मांडले आहे. उत्तर टोकाच्या साओ सेबास्तियाव किल्ल्याबाहेर १५२२ चे छोटे चॅपेल आहे, दक्षिण गोलार्धातली युरोपियनांनी बांधलेली सर्वांत जुनी टिकून असलेली इमारत म्हणून ते ओळखले जाते. फ्रान्सिस झेवियर गोव्याला येण्याआधी १५४१–४२ चा हंगाम इथे अडकून पडला होता, रुग्णालयात सेवा करत. डच लोकांनी १६०७ आणि १६०८ मध्ये दोनदा वेढा घातला, किल्ला पडला नाही. बेटावर गोड्या पाण्याचा झरा नाही. पाऊस छपरांवरून टाक्यांत उतरवून हे शहर चारशे वर्षे प्यायले.

आणि दिवचे बनिया. कापड इकडे, हस्तिदंत तिकडे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत गुलामांच्या व्यापारातही त्यांचे भांडवल होते. हे आपण सोयीस्करपणे विसरतो. बेटावर अजून हिंदू मंदिर आहे. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर पोर्तुगालने त्याचा सूड इथल्या भारतीय नागरिकांवर काढला, त्यांना छावण्यांत डांबले, मालमत्ता घेतली, देशाबाहेर काढले. गोव्याच्या इतिहासाच्या पुस्तकांत हा परिच्छेद सहसा नसतो. दुसऱ्या बाजूला आकिनो द ब्रागांसा. १९२४ मध्ये गोव्यात जन्मलेला हा पत्रकार आणि अभ्यासक मोझांबिकच्या स्वातंत्र्यलढ्यात गेला, राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेलचा जवळचा सल्लागार झाला आणि १९ ऑक्टोबर १९८६ रोजी माशेलसोबत विमान अपघातात गेला. मापुतोत त्याचे नाव सांगितले की जुनी माणसे सावरून बसतात. पणजीत सांगून पाहा.

बेटाचे दोन भाग. उत्तरेला दगडी शहर, चुन्याच्या भिंतींचे, निम्मे ओसाड. दक्षिणेला माकुती, म्हणजे झावळ्यांच्या छपरांची दाट वस्ती, जिथे बेटावरची बहुतेक माणसे राहतात. माकुतीतली घरे रस्त्यापेक्षा खाली आहेत, काही ठिकाणी छप्पर रस्त्याच्या पातळीला येते. याचे कारण, दगडी शहर बांधायला दगड इथूनच खणून नेला. श्रीमंतांची घरे जितकी वर गेली तितकी गरिबांची खाली. मी माकुतीत एका घरात भाड्याने राहिले. सकाळी माकुवा समाजाच्या बायका झाडाच्या मुळीचा ‘मुसिरो’ उगाळून चेहऱ्याला पांढरा लेप लावून अंगण झाडत. मुले ओहोटीला किनाऱ्यावर सापडलेले बुडीत जहाजांतले मणी विकायला आणत. मला सगळे ‘माना’ म्हणत, ताई. इथे माझा खर्चाचा हिशेब ढिला पडला, कारण मुक्काम लांबला.

बेटावर कामोइंशचा पुतळा आहे. पोर्तुगालचा हा महाकवी गोव्याहून परतताना इथे अडकला, कारण पुढच्या जहाजाचे भाडे त्याच्याकडे नव्हते. सुमारे १५६७ ते १५६९ तो इथे मित्रांच्या अन्नावर जगला. पुढे गोव्याचा इतिहासकार म्हणून नाव कमावलेल्या दिओगो दो कोउतो याने त्याला इथे त्या अवस्थेत पाहिले आणि इतरांसह पैसे जमवून त्याची सोडवणूक केली. सामानात ‘ओश लुझियादश’चे हस्तलिखित होते, ते १५७२ मध्ये लिस्बनला छापले गेले. खिसा रिकामा करून या किनाऱ्यावर फिरणाऱ्यांत त्याचा नंबर माझ्या कितीतरी आधी लागतो.

आता ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी. २०२३ मध्ये मोझांबिकने २९ देशांच्या नागरिकांना व्हिसा माफ केला, त्या यादीत भारत नव्हता. ई-व्हिसा काढावा लागतो. नियम बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी दूतावासाकडून खात्री करावी. मलेरिया सगळीकडे आहे, डॉक्टरांना विचारून गोळ्या घ्याव्यात. आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे येणार असाल तर पीतज्वराची लस आणि तिचे पिवळे कार्ड जवळ हवे, नाहीतर परतल्यावर मुंबईच्या विमानतळावर विलगीकरणात बसवू शकतात. पासपोर्टची नोटरी केलेली प्रत करून खिशात ठेवावी. रस्त्यावर गणवेशातला कोणी कागद मागून शेवटी ‘थंड पेया’ची अपेक्षा व्यक्त करतो. त्याला हसून प्रत दाखवावी, वेळ खूप आहे असे भासवावे. घाई असलेल्या माणसाचेच पैसे जातात. दोन वाराचे कापुलाना कापड पहिल्याच दिवशी घ्यावे. चादर, टॉवेल, पडदा, उशी, सगळे त्यात येते. पोर्तुगीज आकडे शंभरपर्यंत पाठ करावेत. काबो देल्गादो प्रांतात ऑक्टोबर २०१७ पासून सशस्त्र बंड चालू आहे, तिकडे जाऊ नये, कितीही सुंदर बेटे दिसली तरी.

हाताशी आठ-दहा दिवसच असतील तर मापुतो आणि टोफो करा, बाकीच्याच्या वाटेला जाऊ नका. बसमध्येच सुट्टी संपेल. महिना असेल तर दक्षिणेकडून उत्तरेला रस्त्याने जा, आणि नांपुलाहून परतीच्या विमानाचे पैसे निघतानाच बाजूला काढून ठेवा. तो रस्ता उलट दिशेने दुसऱ्यांदा करायची हौस कोणालाच उरत नाही. मे ते ऑक्टोबर हे कोरडे महिने धरा. जानेवारी ते मार्च वादळांचे असतात. मार्च २०२२ मधले गोंबे चक्रीवादळ इल्यासमोरच्याच किनाऱ्यावर आदळले होते.